वढवाणा आणि टोरंटो : हिवाळ्यातली बदकं पाहताना

प्रश्न बडोद्याच्या दांडिया बाजारातून आला आहे. घरात आजी-आजोबा, अकरा वर्षांची नात आणि एक जुनी १०×५० दुर्बीण (दहापट मोठं दाखवणारी, पुढची भिंगं ५० मिलिमीटरची). मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत सगळे वढवाण्याच्या तलावावर गेले होते, तेव्हा ‘सगळी बदकं लांब, तपकिरी आणि एकसारखी’ दिसली. या डिसेंबरात परत जायचं आहे. जानेवारीच्या शेवटी आजी-आजोबा मुलीकडे टोरंटोला जाणार आहेत. तिच्या घराजवळ सरोवराकाठी मोठी बाग आहे, पण मुलगी म्हणते की सगळं गोठलेलं असतं, काही दिसणार नाही. दोन्हीकडे नेमकं काय करायचं, असं विचारलं आहे.

दोन्हीकडे सुरुवात एकाच कामाने करा. दुर्बीण डोळ्याला लावण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाणी बघा. वढवाण्याला पाणी कुठे किती खोल आहे त्यावर पक्षी वाटले जातात, टोरंटोला पाणी कुठे उघडं आहे त्यावर. पाणी कळलं की कुठे काय असेल याचा अंदाज आधीच येतो आणि ओळख निम्मी सोपी होते.

आधी तपकिरी रंगाबद्दल. बहुतेक बदकांचे नर वीण संपली की भडक पिसं टाकतात आणि काही महिने मादीसारखेच तपकिरी दिसतात. ऑक्टोबरात आपल्याकडे पोचणारे कित्येक नर याच अवस्थेत असतात, शिवाय त्यांच्यात त्या वर्षीची पिल्लंही मिसळलेली असतात. डिसेंबरपर्यंत बहुतेकांचे रंग परत येतात. म्हणून नव्याने शिकणाऱ्याने दिवाळीत न जाता डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जावं. भुवई बदक याला अपवाद. ते सगळ्यांच्या आधी, पावसाळा संपता संपताच येतं, पण त्याच्या नराची पांढरी भुवई पुष्कळदा फेब्रुवारीशिवाय नीट दिसत नाही.

दुसरं कारण उजेड. सूर्य समोर असला की पाण्यावरचा प्रत्येक पक्षी काळी आकृती होतो. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहून पश्चिमेकडे बघा, दुपारनंतर उलट. जानेवारीच्या सुरुवातीला बडोद्यात सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. वढवाणा शहरापासून साधारण ५० किलोमीटरवर, डभोईच्या पुढे आहे. पावणेसहाला घर सोडलंत तर उजाडताना पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, असाल. साडेदहानंतर ऊन तापतं, पाण्यावरची हवा थरथरू लागते आणि दूरचं सगळं वितळल्यासारखं दिसतं. त्या वेळी कितीही महाग दुर्बीण असली तरी उपयोग नाही. मधल्या वेळात जेवून घ्या आणि चारनंतर परत या.

वढवाणा हा बांधलेला तलाव आहे. बडोदा संस्थानाने, सयाजीराव महाराज तिसरे यांच्या काळात, १९१० च्या सुमारास तो शेतीच्या पाण्यासाठी तयार केला. ओरसंग नदीचं पाणी जोजव्याच्या बंधाऱ्यावरून कालव्याने इथे येतं. २०२१ साली त्याला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत जागा मिळाली, नोंदलेलं क्षेत्र ६३० हेक्टर. हा इतिहास पक्षी पाहणाऱ्याच्या कामाचा आहे, कारण सिंचनाच्या तलावाची पातळी हिवाळाभर सारखी राहत नाही. पावसाळ्यानंतर तलाव भरलेला असतो, पाणी थेट काठाला भिडतं आणि उथळ पट्टा अगदी अरुंद असतो. रब्बीला पाणी सुटत जातं तसे काठ उघडे पडतात, चिखल दिसू लागतो आणि चिखलावरचे पक्षी वाढतात. म्हणूनच डिसेंबरात ज्या कोपऱ्यात शंभर बदकं होती तिथे फेब्रुवारीत फक्त टिटव्या दिसतात. पक्षी तलावातच असतात, पाण्याबरोबर आत सरकलेले असतात.

खोलीचे पट्टे असे लक्षात ठेवा. नुसता ओला चिखल ते पाचेक सेंटिमीटर पाणी : छोटे तुतवार, धोबी, टिटव्या, कडेकडेने चाळत जाणारी चक्रांग बदकं. साधारण वीस सेंटिमीटरपर्यंत : लाल लांब पायांचे शेकाटे. पुढे चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत शेपटी वर करून डोकं बुडवणारी बदकं. त्यांत तलवार बदकाची मान लांब असल्याने ते इतरांपेक्षा थोडं खोल पोचतं. थापट्या वेगळा. चोच पसरट आणि कडेला चाळणीसारखी असल्याने तो वरच्या थरातलं बारीक खाद्य गाळतो, म्हणून खोल पाण्यावरही दिसतो. पाचसहा थापटे एकमेकांच्या मागे गोल फिरत असतील तर ते पाणी ढवळून खाद्य वर आणताहेत. एक मीटर आणि त्याहून खोल पाणी बुड्या मारणाऱ्यांचं : लालसरी, शेंडी बदक, टिबुकली.

पुढची ओळख शेपटीवरून करा, रंगावर नंतर या. डोकं बुडवणाऱ्या बदकांची शेपटी पाण्याच्या वर उचललेली असते. बुडी मारणाऱ्यांची पाठ मागे उतरत जाते आणि शेपटी पाण्याला टेकते. उडताना पहिला गट जागेवरून सरळ वर उसळतो. दुसऱ्याचे पाय शरीराच्या फार मागे असतात, त्यामुळे त्याला पाण्यावर धावत वेग घ्यावा लागतो. एवढं पाहिलंत की यादी अर्धी होते. मग डोकं, चोच आणि कूस बघा. लालसर डोकं, काळी छाती, राखाडी अंग म्हणजे साधी लालसरी. फुगीर केशरी डोकं आणि पोवळ्यासारखी लाल चोच म्हणजे मोठी लालसरी, म्हणजेच रेड-क्रेस्टेड पोचार्ड. पश्चिम भारतात ती फारशी दिसत नाही, वढवाण्याला मात्र नियमित येते. तिची मादी ओळखायला सोपी : डोक्यावर गडद टोपी, गाल फिके. काळं अंग आणि पांढरीशुभ्र कूस म्हणजे शेंडी बदकाचा नर. शेपटीखाली पांढरा ठिपका चमकला आणि अंग तांबूस तपकिरी असलं तर फेरुजिनस पोचार्ड.

वारकरी पक्ष्याला बदक समजू नका. काळं अंग, पांढरी चोच आणि कपाळावर पांढरा पट्टा. पाण्यात पुढे जाताना तो डोकं पुढे-मागे करतो, बदक करत नाही. नवख्यांच्या आकड्यांतली बरीचशी ‘काळी बदकं’ वारकरीच असतात. त्यांच्या थव्यावर नजर ठेवण्याचा फायदाही आहे. वारकरी बुडी मारून पाणवनस्पती वर आणतो आणि गॅडवॉलसारखी बदकं ती त्याच्याकडून हिसकावतात, त्यामुळे त्या काळ्या थव्यात हमखास काहीतरी वेगळं सापडतं. हाच थवा एकदम घट्ट गोळा झाला तर लगेच वर बघा, दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी फिरत असतो. पंख इंग्रजी व्ही अक्षरासारखे उचलून तो पाण्यावरून हळू चक्कर मारतो आणि थव्यातला दुबळा पक्षी शोधतो.

पट्टकादंब, म्हणजे डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेला राजहंस, वढवाण्याचं मोठं आकर्षण. त्याची वीण मंगोलिया, तिबेट, किरगिझस्तानच्या उंच सरोवरांवर होते. तिथली सरोवरं हिवाळ्यात गोठतात आणि गवतावर बर्फ साचतो, म्हणून तो हिमालय ओलांडून येतो. दिवसा तो पाण्याकाठी किंवा उघड्या चिखलाच्या पट्ट्यावर विसावतो, संध्याकाळी आसपासच्या शेतांकडे उडतो आणि उजाडताना परततो. त्याला उडताना बघायचं तर दिवसाची दोन्ही टोकं गाठा. काहींच्या मानेत अक्षरं लिहिलेली प्लास्टिकची पट्टी असते. पट्टीचा रंग, अक्षरांचा रंग, अक्षरं, तारीख, वेळ आणि जागा लिहा, जमल्यास फोटो काढा आणि मुंबईच्या बीएनएचएसकडे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. अक्षर स्पष्ट वाचता आलं नसेल तर अंदाजाने भरू नका. चुकीचं एक अक्षर भलत्याच पक्ष्याच्या प्रवासात जाऊन बसतं.

आता दुर्बिणीचं. १०×५० टाकून देऊ नका, पण नातीच्या गळ्यात घालू नका. ती जवळपास किलोभर भरते आणि दहापट मोठं करताना हाताचा कंपही दहापट होतो. आजोबांनी ती कोपर छातीशी दाबून किंवा गाडीच्या छपरावर टेकवून वापरावी. नातीसाठी ८×३२ घ्या, वजन साधारण अर्धा किलो. घेण्याआधी एक तपासणी दुकानातच करा. लहान मुलांच्या बाहुल्यांमधलं अंतर कमी असतं आणि काही दुर्बिणी तेवढ्या मिटत नाहीत. दोन्ही नळ्या पूर्ण जवळ आणून तिला बघू द्या. तिला एकच गोल दिसला तर ठीक, दोन दिसले तर ती दुर्बीण तिच्यासाठी नाही.

चष्मा असणाऱ्यांनी डोळ्याकडचे रबरी कप आत फिरवावेत, चष्मा नसेल तर बाहेर. मग डोळ्यांतला फरक जुळवा. उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्यासाठी एखाद्या पाटीवरची अक्षरं स्पष्ट करा. डावा मिटा आणि चाकाला हात न लावता उजव्या नळीवरची कडी फिरवून तीच अक्षरं स्पष्ट करा. कडीची ती जागा पेनने खूण करून ठेवा. ‘दुर्बीण डोळ्याला लागते, डोकं दुखतं’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा न जुळवलेली ही कडीच असते. वढवाण्यासारख्या विस्तीर्ण पाण्यावर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे तिपाईवर बसवायची एकनळी दुर्बीण, असेल तर फार उपयोग होतो, पण झूम साठपट असला तरी वीस ते तीसवरच ठेवा. त्यापुढे प्रतिमा अंधारते आणि हवेची थरथर वाढते. स्कोप विकत घेण्याआधी पक्षी पाहणाऱ्या गटाबरोबर एकदा जाऊन बघा.

मोजणी नातीला आवडेल. थव्याच्या एका टोकाचे दहा पक्षी एकेक करून मोजा, ते दहा किती जागा व्यापतात हे डोळ्यात बसवा आणि तेवढ्या जागेचे तुकडे डावीकडून उजवीकडे मोजत जा. मोठ्या थव्याला पन्नासचा तुकडा घ्या. उजवीकडे पोचल्यावर परत मागे फिरून मोजू नका, तेच पक्षी दोनदा धरले जातात. बुड्या मारणाऱ्यांच्या थव्यात कोणत्याही क्षणी काही पक्षी पाण्याखाली असतात. तोच पट्टा एकेका मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजा आणि सर्वांत मोठा आकडा लिहा.

कपडे मातकट रंगाचे. पांढरा सदरा फार लांबून दिसतो आणि पाळीवर उभा माणूस तसाही आकाशासमोर उठून दिसतो. शक्यतो पाळीच्या उतारावर खाली बसा. बदकांनी माना ताठ केल्या की तुम्ही पुरेसे जवळ आलात. पोहत दूर जाऊ लागली की जास्त जवळ आलात. पाण्याच्या अगदी कडेला मुलांना सोडू नका. विश्वामित्रीच्या मगरी सगळ्यांना ठाऊक आहेत, पण बडोद्याच्या आसपासच्या कोणत्याही पाण्यात मगर आहे असंच धरून चालावं. थंडीत त्या ऊन खायला काठावर येतात आणि चिखलात पटकन ओळखू येत नाहीत.

तारीख ठरवताना उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा पतंगांचा सण, लक्षात घ्या. त्या आठवड्यात बगळे, शराटी, करकोचे सकाळी आणि संध्याकाळी शहरावरून ये-जा करताना मांज्यात अडकतात. घरच्या मुलांना सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग उडवू देऊ नका. जखमी पक्षी सापडला तर मांजा ओढून काढू नका, तो मांसात आणखी खोल जातो. जखमेपासून दोन्ही बाजूंना चार बोटं सोडून दोरा कापा, पक्ष्याच्या डोक्यावर हलकं कापड टाका, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा. चोचीत पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. १९६२ ला फोन करा, ही गुजरातची प्राण्यांच्या रुग्णवाहिकेची सेवा आहे.

आता टोरंटो. मुलीचं म्हणणं अर्धं खरं आहे. बागेतली तळी, बंदराचे आतले कोपरे, छोट्या खाड्या गोठतात. हाय पार्कमधलं ग्रेनेडियर पाँड असंच गोठतं. पण शहराला लागून असलेलं ओंटारिओ सरोवर सर्वांत खोल जागी २४४ मीटर आहे. एवढ्या पाण्यात उन्हाळ्याची ऊब साठलेली असते, त्यामुळे ते सहसा पूर्ण गोठत नाही. उत्तरेकडची उथळ सरोवरं बर्फाखाली गेली की तिथली बदकं याच उघड्या पाण्यावर येतात. पट्टकादंब ज्या कारणाने वढवाण्याला येतो तेच कारण इथेही, प्रवासाचं अंतर तेवढं कमी.

बर्फाच्या मैदानाकडे पाहून निराश होऊ नका. बर्फ संपून पाणी सुरू होतं ती रेघ शोधा आणि तिच्यावरून नजर फिरवा. ओढ्याचं मुख, पुलाखालचा प्रवाह, कोमट सांडपाणी बाहेर पडतं ती जागा, लाटा आपटतात ते टोक, इथे पाणी उघडं राहतं. हंबर बे पार्क मिमिको ओढ्याच्या मुखाशी आहे, म्हणूनच हिवाळ्यातही तिथे गर्दी असते, पक्ष्यांची आणि ते पाहणाऱ्यांचीही. कर्नल सॅम्युअल स्मिथ पार्कही चांगलं. जायला सर्वांत योग्य दिवस म्हणजे कडाक्याच्या थंडीच्या चार-पाच दिवसांनंतरचा. उघडं पाणी आक्रसतं आणि तेवढेच पक्षी थोड्या जागेत गोळा होतात.

शहर सरोवराच्या उत्तर काठावर आहे. हिवाळ्यातला सूर्य दक्षिणेला आणि खाली असतो, म्हणजे काठावरून सरोवराकडे पाहताना दिवसभर तिरीप डोळ्यांत येते. उपाय दोन. ढगाळ दिवस निवडा, किंवा पाण्यात घुसलेल्या टोकावर जाऊन मागे वळा आणि खाडीच्या आत, उत्तरेकडे बघा.

इथे बहुतेक बदकं बुडी मारणारी असतात. लाँग-टेल्ड डकचा नर पांढरा-तपकिरी, लांब शेपटीचा आणि सतत ओरडणारा, थव्याचा आवाज दिसण्याआधी ऐकू येतो. गोल्डनआयच्या नराच्या गालावर गोल पांढरा ठिपका असतो आणि उडताना त्याचे पंख शीळ घालतात. बफलहेड अगदी छोटं, डोक्यामागे पांढरा मोठा तुकडा. ग्रेटर स्कॉप शेंडी बदकासारखं, पण पाठ राखाडी आणि शेंडी नाही. मर्गन्सरची चोच बारीक आणि करवतीसारखी, कारण ते मासे धरतात. रेडहेड पाहिलंत की आपल्या लालसरीची आठवण होईल, ती तिची जवळची नातलगच आहे. बर्फावर बसलेले मोठे पक्षी एकेक करून तपासा. सीगलच्या थव्यात कधी बाल्ड ईगल निघतो. बदकांचे पाय गोठत कसे नाहीत हे परतल्यावर नात विचारेल. पायात उतरणारं गरम रक्त आणि वर येणारं गार रक्त शेजारशेजारच्या वाहिन्यांतून जातं, उष्णता वरच्या वर परत घेतली जाते आणि पाऊल शून्याच्या जरा वर राहतं.

गोठलेल्या तळ्यावर पाय ठेवू नका. स्वच्छ, निळसर बर्फाची किमान जाडी १० सेंटिमीटर लागते, आणि पांढऱ्या, बर्फवृष्टीतून बनलेल्या बर्फाची ताकद साधारण निम्मी असते. ओढ्याच्या मुखाशी, म्हणजे पक्षी असतात नेमक्या त्याच ठिकाणी, तो सर्वांत पातळ असतो. काठावरचे दगडही फसवे, लाटांचे तुषार गोठून त्यांवर काचेसारखा थर बसतो. आजी-आजोबांनी बुटांवर चढवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे पोचल्याबरोबर घ्यावेत.

अंगाला चिकटून सुती काही घालू नये, घाम धरून ठेवतं आणि उभं राहिल्यावर गार पडतं. आत लोकरी किंवा सिंथेटिक, मग गरम थर, वर वारा अडवणारं जाकीट. चालण्यापेक्षा उभं राहून पाहण्यात थंडी जास्त लागते, म्हणून नुसत्या फिरायला लागतं त्यापेक्षा एक थर जास्त. बुटात जाड मोज्यांचे दोन जोड कोंबू नका. पाऊल आवळलं की रक्त पोचत नाही आणि बोटं जास्त लवकर बधिर होतात. हातात पातळ मोजा आणि त्यावर बोटं एकत्र राहतील असा जाड मोजा. हवामानाच्या बातमीत वाऱ्यासह जाणवणारं तापमान बघा. ते उणे २८ च्या खाली असेल तर उघडी त्वचा दहा ते तीस मिनिटांत गोठू शकते, त्या दिवशी घरच्या खिडकीतूनच चिकडी आणि कार्डिनल हे बागेतले छोटे पक्षी बघा.

थंडीत पक्ष्यांना उडवणं जास्त क्रूर ठरतं. दिवस लहान, खाद्य कमी, आणि उडण्यात गेलेली ऊर्जा भरून काढायला वेळ नसतो. पाव टाकायचाही मोह टाळा, पोट भरतं पण पोषण मिळत नाही. ट्रंपेटर हंसांपैकी काहींच्या पंखांवर पिवळे क्रमांक असतात, ओंटारिओ प्रांतात ते नाहीसे झाल्यावर पुन्हा आणले गेले तेव्हापासून त्यांची अशी नोंद ठेवली जाते. क्रमांक वाचता आला तर तारखेसह लिहून ठेवा.

फोनची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, तो आतल्या खिशात ठेवा. दुर्बिणीवर वरच्या दिशेने श्वास सोडू नका, काच लगेच धुरकटते आणि वाफ तिथेच गोठते. बोटाने पुसलंत तर ओरखडे पडतील. घरी परतताना दुर्बीण दाराबाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बंद करा आणि घरात किमान तासभर पिशवी उघडू नका. ओल पिशवीच्या बाहेरून धरेल, भिंगांच्या आत नाही.